साराभाई चालतं, मग श्रीमान श्रीमती का नाही? (जुन्या विनोदी मालिका आणि आताची पोरं)

पोवईनाका (धागाकर्ता)

मंडळी, विषय चावून चोथा झालेला आहे. तरी मला त्यातला एकच तुकडा हवाय.

"आताच्या पोरांना विनोद कळत नाही, त्यांना सगळं रीलमध्ये लागतं" असं आमच्या वयाची माणसं उठता-बसता म्हणतात. मला ते पटत नाही, कारण समोर दिसतं ते वेगळंच आहे.

मी साताऱ्यात बरीच वर्षं केबलचा धंदा केला. लोक काय बघतात हे कळायला केबलवाल्याला टीआरपी लागत नाही, लाईन गेली की फोनच सांगतो. 'हम पाँच'च्या वेळेला एखादा अँप्लिफायर बसला की कंट्रोल रूमचा फोन खाली ठेवायची सोय नसायची. "अहो, अशोक सराफ आत्ताच घरात शिरला होता आणि पडदा मुंग्या मुंग्या!" बातम्यांच्या वेळी अख्खी गल्ली बंद पडली तर मात्र दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालेला कुणीतरी जाता जाता सांगायचा.

त्याच्याही आधी अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडं अँटेनाचं तोंड करायचं आणि येईल ते बघायचं. १९८४ ला 'ये जो है जिंदगी' आलं तेव्हा निवड करायला दुसरं होतंच काय? त्यामुळं "आमच्या वेळच्या मालिका कसल्या भारी" या गळ्यात "दुसरं काही नव्हतं" हा सूर किती, ते एकदा प्रामाणिकपणे बघायला पाहिजे.

आता मुद्दा. आमच्या घरातल्या आणि शेजारच्या कॉलेजच्या पोरांना 'साराभाई व्हर्सेस साराभाई' तोंडपाठ आहे. ही मालिका २००४ ला स्टार वनवर आली तेव्हा तिला टीआरपीच नव्हता, २००६ ला गुंडाळली. म्हणजे आमच्या पिढीनं ती पाडली आणि पाळण्यातल्या पोरांनी मोठं होऊन डोक्यावर घेतली. त्यातला इंद्रवदन करणारे सतीश शहा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले त्या दिवशी आमच्या शाहूपुरीतल्या पोरांच्या स्टेटसला इंद्रवदनच होता. 'फ्रेंड्स' २००४ ला संपलं, तेही ही पोरं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात आणि परत पहिल्यापासून. पण त्याच पोरांना मी 'श्रीमान श्रीमती' लावून दिलं तर पहिली जाहिरात यायच्या आत एकेक जण उठून गेला.

म्हणजे जुनं आहे म्हणून नको, असं नाहीच. माझा अंदाज असा की माणसाच्या खोडीवर उभा असलेला विनोद टिकतो आणि गैरसमजाच्या गुंत्यावर उभा असलेला विरतो. माया साराभाईला सुनेचं 'मनीषा' नाव मिडल क्लास वाटतं म्हणून ती तिची 'मोनिषा' करते. हे समजायला लँडलाईन, ट्रंककॉल, पीपी नंबर काही माहीत असावं लागत नाही. असली सासू आजही प्रत्येक सोसायटीत एक तरी आहे. तुमचं काय म्हणणं?

रुमालटाक्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

कंदीपेढा

+१. आणि 'खिचडी'ला विसरू नका. साराभाईवालीच मंडळी, २००२ ला. प्रफुल-हंसाचं इंग्रजी आमच्या चौथीतल्या लेकीला पाठ आहे. खरं इंग्रजी नाही, हेच पाठ आहे.

थर्ड_इयर

पोवईनाका काका, मी तुमच्या त्या 'आताच्या पोरां'मधला. गाव कोरेगाव, शिकायला सांगलीत. आमच्यात काय चालतं ते सांगतो.

मेसचा डबा आला की समोर काहीतरी चालू लागतं. नवीन वेबसिरीज लावली तर लक्ष द्यावं लागतं, कोण कुणाचा भाऊ, कुणाला कुणी मारलं. तेवढ्यात आमटी गार. साराभाई, फ्रेंड्स, द ऑफिस यांचं बरं असतं. कुठलाही भाग लावा, मधूनच लावा, भाकरी मोडता मोडता अर्धं कानानं ऐका. ताट संपलं की बंद. रूममधल्या चौघांना चालेल असं दुसरं काही सापडत नाही. एकाला कोरियन पाहिजे, एकाला मारामारी, एकाला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही. साराभाईंच्या रोसेशच्या कवितेला मात्र चौघंही हसतात.

आणि रीलला नावं ठेवू नका. मला साराभाई रीलमधूनच कळलं. "मोमा" म्हणणारा हा माणूस कोण म्हणून शोधलं, मग सगळे भाग बघितले. रील नसती तर माझ्यापर्यंत २००४ ची मालिका आली कुठून असती?

श्रीमान श्रीमती मीपण सोडली. खरं सांगू का, विनोदापर्यंत पोचलोच नाही. चित्र इतकं पुसट की बाईच्या साडीचा रंग कळेना, आणि दर वाक्याला मागून माणसं खिदळतात. तुम्ही हसा, मी बघतो ना!

खवट_म्हातारा

जेवताना अर्धं कान देऊन बघणं याला आवड म्हणत असाल तर मग आमच्या हिला क्रिकेट आवडतं. तीसुद्धा शेंगा सोलताना समोर बसते.

रील बघून मालिका कळली म्हणणं म्हणजे लग्नपत्रिका वाचून जेवून आलो म्हणण्यातलं आहे.

थर्ड_इयर

आजोबा, सगळे भाग बघितले असं लिहिलंय की मी. तुम्हीपण अर्धं कान देऊनच वाचताय काय 😀

खवट_म्हातारा

मान्य. चल पुढं.

संगमावरची (हरिपूर)

श्रीमान श्रीमतीचं उत्तर आमच्या अकरावीतल्या मुलीनं दिलं. दोन शेजारी, दोघांना आपली बायको सोडून समोरची आवडते, आणि भागच्या भाग त्यावर. दोन भाग बघून ती म्हणाली, "आई, त्या बायकांना हे कळत नाही असं दाखवलंय, की कळून चालवून घेतात?" मला उत्तर देता आलं नाही. रीमा लागू आणि अर्चना पूरणसिंग, दोघी काय ताकदीच्या! पण त्यांना करायला दिलं होतं ते एवढंच.

आता गंमत बघा. त्याच रीमा लागूंचं 'तू तू मैं मैं' तिला प्रचंड आवडलं. सासू-सुनेची भांडणं म्हणजे आणखी जुनाट विषय, मला वाटलं नाक मुरडणार. पण तिथं सुप्रिया पिळगांवकर तोडीस तोड आहे. एकीनं टाकलं की दुसरी परतवते, कुणीच बिचारी नाही. एका भांडणाच्या वेळी तर लेक उठून उभी राहिली, "आता ही काय म्हणणार?"

तेव्हा माझं मत असं की आताच्या मुली विनोदाला हरकत घेत नाहीत. ज्याच्यावर हसायचं त्याला परत बोलायची संधी आहे का, एवढं बघतात. 'जबान संभाल के'चंही तसंच. पंकज कपूर उत्तमच, पण हिंदी शिकायला आलेल्या वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्या प्रांताची टोपी घालून बसवलंय. मूळ ब्रिटिश मालिका १९७७ ची, तिथंही हाच प्रकार होता.

पोवईनाका

संगमावरची ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मग एक सांगा, 'भाभीजी घर पर हैं' २०१५ पासून कसं चालतंय? साचा तोच, समोरासमोर दोन घरं, एकमेकांच्या बायका.

संगमावरची

चालतंय, पण बघतं कोण? आमच्या घरात सासरे बघतात. मुलगी त्या वेळी आतल्या खोलीत असते.

कंदीपेढा

आमच्याकडं पण सासरेच 😂

शूटिंगवाला_कराड

थर्ड_इयरनं चित्राचं लिहिलंय तो भाग मी सांगतो, कारण आयुष्य लग्नाच्या शूटिंगमध्ये गेलंय. व्हीएचएसपासून ड्रोनपर्यंत सगळं खांद्यावर घेतलंय.

'फ्रेंड्स' चित्रीत झालं ३५ मिलिमीटर फिल्मवर. फिल्मवर बारकावा भरपूर असतो, त्यामुळं वीस वर्षांनी निगेटिव्ह परत स्कॅन केली की झालं एचडी. आपल्या त्या काळच्या बहुतेक मालिका व्हिडिओ टेपवर आहेत. टेपवर जेवढ्या रेषा त्या दिवशी उमटल्या तेवढ्याच. त्यातून पुढं कॉपीची कॉपी, कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर उतरवलेली, कोपऱ्यात चॅनलचा शिक्का, खालून पट्टी थरथरतेय, आणि ती कुणीतरी इंटरनेटवर चढवलेली. पोरं नाकारतात ती तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॉपी. मालिका त्यांनी अजून बघितलेलीच नाही.

लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून द्या म्हणून माझ्याकडं रोज माणसं येतात. बुरशी धरलेली टेप व्हीसीआरचं हेड घाण करते, हेड पुसून पुसून एकेक कॅसेट काढावी लागते. नवरा-नवरी ओळखू येतात, वऱ्हाड म्हणजे नुसते ठिपके. तरी घरची माणसं डोळ्यात पाणी आणून बघतात, कारण त्यांना तो मांडव आठवत असतो. नातवाला काय आठवणार? त्याला ठिपकेच दिसणार.

आणि चौकोनाचं वेगळंच. जुना टीव्ही ४:३, आताचा १६:९. जागा भरायची म्हणून वरचं-खालचं कापतात. 'साइनफेल्ड' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका २०२१ ला नेटफ्लिक्सवर आली तेव्हा एका भागात रस्त्यावरच्या खड्ड्याचा विनोद होता, आणि कापाकापीत खड्डाच पडद्याबाहेर गेला! 'फ्रेंड्स'मध्ये उलटं झालं. फिल्मवर कडेला जादा चित्र होतं, ते मोकळं केल्यावर काही ठिकाणी नटाच्या जागी उभी केलेली बदली माणसं दिसायला लागली.

थर्ड_इयर

दादा, दंडवत. खड्ड्याचा किस्सा आत्ताच रूमवर सांगितला. एक जण म्हणाला, आपल्याकडं करा म्हणावं, कितीही कापा, खड्डा राहतोच.

आजी_ऑनलाईन

मग चिमणरावाचं काय करायचं? दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर यायचं. आम्ही तेव्हा पुण्यात होतो, शेजारच्यांच्या घरात चपला काढायला जागा नसायची. आता सगळे भाग बघायचे म्हटलं तर मिळतच नाहीत. नातवंडांना आवडेल की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी दाखवू तर द्या!

भडंग_विश्रामबाग

उशिरा आलो. वरती सगळ्यांनी लिहिलंय ते पटलं, पण मागून येणाऱ्या हसण्याबद्दल थर्ड_इयर जे बोललाय त्यावर सांगलीकर म्हणून गप्प बसवत नाही.

१८४३ ला विष्णुदास भाव्यांनी आमच्या गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथून आम्ही नाटकवेडे. अजून ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात जाऊन बसल्याशिवाय दिवाळी संपल्यासारखी वाटत नाही. (अवांतर: तिथला चहा या विषयावर वेगळा धागा निघू शकतो.) जुन्या विनोदी मालिका म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं नाटकच. दिवाणखाना, तीन भिंती, मधोमध सोफा, डावीकडून शेजारी येणार, उजवीकडं स्वयंपाकघर. चौथी भिंत नाही, कारण तिथं आपण. अमेरिकेत १९५१ ला 'आय लव्ह लुसी'वाल्यांनी ही पद्धत बसवली. समोर खरे प्रेक्षक, तीन कॅमेरे एकदम चालू, आणि सगळं फिल्मवर. नट नाटकासारखा सलग काम करायचा, लोक हसले की थांबायचा, हसणं उतरायला लागलं की पुढचं वाक्य टाकायचा. 'फ्रेंड्स'सुद्धा प्रेक्षक बसवूनच व्हायचं. तिथलं हसणं बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून खटकत नाही.

जिथं प्रेक्षक नाहीत तिथं हसण्याची पेटी आली. चार्ल्स डग्लस नावाच्या एका ध्वनितंत्रज्ञानं कळा दाबून हवं तसं हसू काढणारं यंत्रच केलं होतं. कुठं खुसखुस, कुठं सातमजली. कोरियातल्या युद्धावरच्या 'मॅश' या मालिकेच्या कर्त्यांना ते मुळीच नको होतं, चॅनलनं लादलं. शेवटी ऑपरेशनच्या प्रसंगांत तरी हसू घालायचं नाही, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं.

आपल्याकडं पेटी आली, प्रेक्षक नाही आले. नट मोकळ्या सेटवर बोलतोय, हसणं मागाहून चिकटवलंय, त्यामुळं त्याची थांबायची जागा आणि हसण्याची जागा जुळत नाही. तो पुढचं बोलून मोकळा आणि मागं लोक अजून मागच्याला हसतायत. पोरांना खटकतं ते हे बेताल हसणं. 'द ऑफिस'मध्ये हसणंच नाही, तिथं पात्र नुसतं कॅमेऱ्याकडं बघतं आणि गप्प बसतं.

आता अशोक सराफ बघा. आयुष्य रंगभूमीवर गेलेला माणूस. 'हम पाँच'मध्ये भिंतीवरच्या फोटोतली मेलेली बायको बोलायला लागते, प्रिया तेंडुलकर. हा आधी फोटोकडं बघतो, मग दुसऱ्या बायकोकडं, मग परत फोटोकडं. मध्ये एक शब्द नाही. पेटीतलं हसू चालू असो नसो, तो त्याच्या मापानंच थांबतो. हा भाग आवाज बंद करून लावून बघा. आमच्या भाच्यानं तसाच बघितला, मोबाईलवर, एसटीत, इअरफोन घरी राहिले म्हणून. हसत होता.

रुमालटाक्या

आलो. भडंगनं सगळं लिहून टाकलं, रुमाल उचलतो.

निवांत

तारक मेहता कुणीच काढलं नाही! २००८ पासून चालू आहे, चार हजारांच्या वर भाग झालेत. आमच्या गल्लीतली दुसरी-तिसरीतली पोरं २०१० च्या आसपासचे भाग बघतात, मोबाईलवर, जेवताना. त्यांना भिडे मास्तर म्हणजे खरा मास्तर वाटतो.

खवट_म्हातारा

चालू असलेल्या मालिकेला जुनी कशी म्हणायची? वेगळा धागा काढा. आणि काढलात तर मला कळवू नका.

पोवईनाका

निवांतरावांच्या बोलण्यात तथ्य आहे हो. पोरं नवे भाग सोडून जुनेच लावतात, हे मीपण बघितलंय.

भडंग, शूटिंगवाले, तुमचं वाचून माझं म्हणणं थोडं सरकलं. मी खोडी आणि गैरसमज एवढंच धरून बसलो होतो. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' दोन्ही परत लावल्या होत्या. चित्र दोन्हीकडं सारखंच पुसट, हसणं दोन्हीकडं चिकटवलेलं. आमच्या घरात तेव्हा कुणालाच बाहेर जायचं नव्हतं, सगळे समोर. त्यातलं 'देख भाई देख' पोरांनी धरून ठेवलं आणि दुसरं सोडलं. तेव्हा तंत्राचा दोष किती, ते या दोघांच्या तुलनेत कळतं. संगमावरच्या ताईंचं कारण मला जास्त जड वाटतं. 'देख भाई देख'मध्ये एकाच घरात तीन पिढ्या, आणि सगळ्यात लहान पोरगंसुद्धा मोठ्यांची टोपी उडवतं.

मात्र एक हट्ट सोडत नाही. 'वागळे की दुनिया' २०२१ ला नव्यानं आली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यात आता आई-वडील, आणि सुमीत राघवन मुलगा. मी पोरांना १९८८ ची लावून दाखवली. आर. के. लक्ष्मण यांचा तो साधा कारकून, महिनाअखेरीची ओढाताण. नवीन मालिका चकचकीत, पोरांना नेहमीची. तरी आमच्या पुतण्याला जुनीच आवडली. का विचारलं तर म्हणाला, "यांच्या घरात सामान कमी आहे, खरं घर वाटतं." हे उत्तर कुठल्या खणात टाकायचं, तुम्हीच सांगा.

शूटिंगवाला_कराड

कुठल्याच नाही. आमच्या धंद्यात आता गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, फोटो जरा जुन्यासारखा करून द्या." जुन्या फिल्मसारखे दाणे फोटोवर टाकायचे वेगळे पैसे घेतो.

आजी_ऑनलाईन

'श्रीयुत गंगाधर टिपरे' सगळे विसरले वाटतं. २००१ ला सुरू झालं. प्रभावळकर तेव्हा साठीच्या आतच होते आणि वागणं-बोलणं सगळं सत्तरी उलटलेल्या आबांचं. रात्री डायरी लिहायला बसायचे तेव्हा चष्मा पुसायची त्यांची पद्धत बघा, अगदी आमच्या सासऱ्यांची. नातू आणि नात दोघंही आबांशी बरोबरीनं वाद घालतात, आबा हरतातसुद्धा. आमच्या नातीनं पुण्याहून फोन करून विचारलं, "आजी, तूपण डायरी लिहितेस का? त्यात माझं काय लिहिलंयस?" काही दिवस माझं कपाट कुलूपबंद होतं.

थर्ड_इयर

टिपरे आमच्या रूमवर चालतं. चौथा पार्टनर लातूरचा, त्यालाही. पण भाग शोधताना वैताग येतो, क्रम सगळा उलटापालटा.

कंदीपेढा

मग असं करूया का? कोजागिरीला आमच्या सोसायटीत प्रोजेक्टर येतो, दरवर्षी पोरं त्यावर क्रिकेटचे जुने सामने लावतात. यंदा दोन भाग लावू. पोवईनाका, निवड तुमची. मसाला दूध आमच्याकडं.

पोवईनाका

एक टिपरे, एक हम पाँच. आणि प्रयोग म्हणून शेवटी श्रीमान श्रीमतीचा एखादा, कोण बसतंय ते बघायला.

संगमावरची

हरिपूरहून येणं जमणार नाही, पण लेकीला विचारलं. म्हणते, तिसरा भाग ठेवणार असाल तर आधी दूध वाटून घ्या, नंतर माणसं राहायची नाहीत.

भडंग_विश्रामबाग

हम पाँच आवाज बंद करून लावा.

खवट_म्हातारा

आवाज बंद कशाला? मला तसंही ऐकू येत नाही. पुढची खुर्ची ठेवा.

शूटिंगवाला_कराड

कंदीपेढा, प्रोजेक्टर ४:३ वर लावता येतो, मेनूमध्ये 'आस्पेक्ट' बघा. कडेला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. पोरं ताणायला गेली तर रिमोट काढून घ्या.